मेलबर्न ते सातारा : फोनवरचा पाऊण सेकंद

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवार, रात्रीचे साडेनऊ. म्हणजे साताऱ्यात दुपारचे चार, आई-बाबांच्या चहाची वेळ. आमचा आठवड्याचा फोन याच वेळेला असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं मागे गेली की तो साडेआठवर येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेनऊवर जातो. बाबांच्या घड्याळात मात्र बारा महिने चारच वाजलेले असतात.

त्या दिवशी मी बरेच दिवस मनात असलेला प्रश्न विचारून टाकला. "बाबा, तुम्ही आणि आई सहा महिने इकडे येऊन राहाल का?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, विचारात पडले. नको असेल, पण तोंडावर कसं सांगायचं म्हणून गप्प असतील. मग त्यांना अवघडायला नको म्हणून मीच घाईघाईने म्हणालो, "नसेल जमत तर राहू दे, नंतर कधीतरी बघू." माझ्या बोलण्याखाली त्यांचा काहीतरी अर्धवट शब्द ऐकू आला. पुढे "हॅलो, हॅलो", "बोल बोल", "नाही, तुम्ही बोला" झालं आणि शेवटी बाबा म्हणाले, "बरं. बघू." विषय संपला.

तीन आठवड्यांनी पुण्याहून ताईचा फोन आला. ती जरा चिडलेलीच होती. "तू बाबांना बोलावलंस आणि दुसऱ्याच क्षणी मागे घेतलंस? ते म्हणतात, मी येतो म्हटलं तर तो म्हणाला राहू दे. त्याला नकोच असेल, उगाच विचारायचं म्हणून विचारलं."

मी चाटच पडलो. बाबा "येतो" म्हणाले होते? कधी?

त्या रात्री मी कागदावर त्या दोन-तीन सेकंदांचा हिशोब मांडला. हा लेख म्हणजे तो हिशोब, आणि त्यासाठी चाळलेल्या गोष्टी. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचं घर असं एका फोनच्या टोकाला आहे, म्हणून तुम्हालाही तो उपयोगी पडेल असं वाटतं.

माणसं किती पटकन उत्तर देतात?

समोरासमोर गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? २००९ साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं. त्यात जपानी, डॅनिश, कोरियन, इंग्रजी अशा भाषा होत्या. आपल्याकडची एकही नव्हती. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद हा सेकंदाचा पाचवा हिस्सा झाला. जपानी लोक थोडे लवकर, डॅनिश थोडे उशिरा, पण फरक सेकंदाच्या काही दशांशांचाच.

गंमत अशी की एक साधा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायलाच मेंदूला यापेक्षा जास्त वेळ लागतो. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपलं उत्तर तयार करायला घेतलेलं असतं. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून आपण दबा धरून बसलेलो असतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. होकार लवकर येतो, नकार उशिरा. हे आपल्याला शास्त्रज्ञांनी सांगायला नकोच. "उद्या जेवायला येता का?" असं विचारल्यावर समोरचा क्षणभर थांबला की आपण ओळखतो, काहीतरी अडचण आहे. तो क्षणभर म्हणजे साधारण पाऊण-एक सेकंद. इतक्या लहान शांततेचा अर्थ लावायला आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, आणि तो अर्थ आपण नकळत लावतो.

हे कौशल्य एका गृहीतावर उभं आहे. आपलं बोलणं समोरच्याला त्याच क्षणी ऐकू जातं, हे ते गृहीत. एका खोलीत ते खरं असतं. मेलबर्न आणि साताऱ्यात ते खरं नसतं.

घरच्या घरी मोजमाप

फोनवरचा उशीर मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. दोघांनी आळीपाळीने आकडे म्हणायचे. मी "एक" म्हणायचं. ते ऐकू आल्याबरोबर पलीकडच्याने "दोन". मग मी "तीन". असं एकवीसपर्यंत जायचं आणि लागलेला वेळ घड्याळावर बघायचा. यात बोलणं वीस वेळा एकाकडून दुसऱ्याकडे जातं. आता हाच खेळ एका खोलीत बसलेल्या दोघांनी खेळायचा. दोन वेळांची वजाबाकी करून वीसने भागलं की एका बाजूने जायला लागणारा उशीर मिळतो.

बायको आणि मी मेलबर्नच्या स्वयंपाकघरात खेळलो तेव्हा ११ सेकंद लागले. आई-बाबा साताऱ्यात आपसात खेळले तेव्हा १३; बाबा जरा सावकाश बोलतात. सरासरी १२ धरली. मग बाबा आणि मी फोनवर खेळलो. तीनदा मोजलं, वेळ १८ सेकंदांच्या आसपास आला. फरक ६ सेकंदांचा. भागिले वीस, म्हणजे एका बाजूने ०.३ सेकंद. ३०० मिलिसेकंद.

आता तो मार्चमधला रविवार पुन्हा बघू. माझा प्रश्न संपला ती वेळ शून्य धरा.

०.३ सेकंद : माझा प्रश्न साताऱ्यात ऐकू येऊन संपतो.
०.५ सेकंद : बाबा माणसाच्या नेहमीच्या वेगाने, अजिबात न घुटमळता म्हणायला लागतात, "येतो की."
०.७५ सेकंद : मला इकडे अजून काहीच ऐकू आलेलं नाही. मी ती शांतता नकार समजून "नसेल जमत तर..." सुरू करतो.
०.८ सेकंद : बाबांचं "येतो की" मेलबर्नला पोहोचतं आणि माझ्याच आवाजाखाली दबून जातं.
१.०५ सेकंद : बाबांचं "येतो की" नुकतंच संपतंय, आणि त्यांना माझ्या तोंडून ऐकू येतं, "नसेल जमत तर राहू दे."

म्हणजे माझ्या बाजूने ऐकलं तर बाबा गप्प राहिले आणि मी त्यांची सुटका केली. त्यांच्या बाजूने ऐकलं तर त्यांनी लगेच होकार दिला आणि मुलाने तो लगेच परत केला. दोघंही खोटं बोलत नव्हते, दोघांनीही जे ऐकलं तेच सांगितलं. एकाच फोनची दोन टोकं दोन वेगवेगळी संभाषणं ऐकत होती.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली नेमका हाच विषय अभ्यासला होता. फोनच्या संभाषणात त्यांनी मुद्दाम उशीर घातला. ऐकणाऱ्यांनी बऱ्याचदा लाइनला दोष दिला नाही, पलीकडच्या माणसाला दिला. तो माणूस त्यांना कमी लक्ष देणारा वाटला. लाइन खरखरली तर आपण लाइनला नावं ठेवतो, कारण खरखर ऐकू येते. उशीर ऐकू येत नाही. तो माणसाच्या स्वभावाचा भाग वाटतो.

समुद्राखालचा रस्ता

मग हे ३०० मिलिसेकंद जातात कुठे? पहिला संशय अंतरावर.

आपला आवाज आज बहुतेक वेळा काचेच्या केसाएवढ्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपात जातो. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. काचेत त्याचा वेग दोन तृतीयांश होतो, सुमारे २ लाख. मेलबर्नहून एक वाट अशी धरू: जमिनीवरून पर्थ, साधारण ३,४०० किलोमीटर. पर्थहून समुद्राखालून सिंगापूर. २०१८ साली सुरू झालेली या मार्गावरची केबल ४,६०० किलोमीटर लांब आहे. सिंगापूर ते चेन्नई तीन हजारांहून थोडं जास्त, आणि चेन्नई ते सातारा हजारभर. एकूण सुमारे १२,००० किलोमीटर. भागिले २ लाख, म्हणजे ०.०६ सेकंद.

फक्त ६० मिलिसेकंद! प्रत्यक्षातली वाट जरा वाकडी असते, मधल्या यंत्रांतही थोडा वेळ जातो. पण सगळं धरूनही समुद्र आणि दोन्ही देशांची जमीन मिळून आपल्या उशिराचा चौथा हिस्सासुद्धा होत नाही.

ही केबल बघितली तर विश्वास बसत नाही. खोल समुद्रात ती बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. दर साठ-शंभर किलोमीटरवर एक प्रवर्धक बसवलेला असतो, तो मंद झालेला प्रकाश पुन्हा उजळवतो. किनाऱ्याजवळ मात्र नांगर आणि मासेमारीची जाळी हे तिचे शत्रू. म्हणून ऑस्ट्रेलियाने पर्थ आणि सिडनीच्या किनाऱ्यांवर केबलसाठी संरक्षित पट्टे जाहीर केले आहेत. तिथे नांगर टाकायला बंदी आहे. धागा तुटला तर काय होतं, हे २०१३ मध्ये दिसलं. पर्थ-सिंगापूर मार्गावरची त्या वेळची केबल तुटली आणि दुरुस्तीला काही महिने गेले. तोवर त्यावरची बरीच वाहतूक लांबच्या वाटांनी फिरत राहिली.

आणि हा रस्ता नवा नाही बरं का. १८७२ साली चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली दक्षिण ऑस्ट्रेलिया ते डार्विन अशी सुमारे ३,२०० किलोमीटरची तारेची लाइन पुरी झाली आणि ऑस्ट्रेलिया जगाशी जोडला गेला. लंडनला निघालेली तार डार्विनहून समुद्राखालून जावा बेटावर, तिथून सिंगापूर, पिनांग, मद्रास, मग जमिनीवरून मुंबई, आणि पुढे एडन-सुएझमार्गे जायची. ऑस्ट्रेलियाचा पहिला तारेचा रस्ता आपल्या मुंबईतून गेला होता! आपला रविवारचा फोन आजही सिंगापूर-चेन्नई असा फिरतो तेव्हा तो त्याच जुन्या पाऊलवाटेने चाललेला असतो.

आर्वी आणि सेडुना

आमच्या आधीच्या पिढीतले जे मराठी लोक सत्तरच्या दशकात इकडे आले, त्यांच्या फोनचा रस्ता वेगळा होता. तो आकाशातून जायचा.

पुणे-नाशिक रस्त्याने गेलात तर नारायणगावजवळ आर्वी हे गाव लागतं. परदेशांशी उपग्रहामार्गे बोलण्यासाठीचं भारताचं पहिलं भूकेंद्र तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. तिथली प्रचंड थाळी, सुमारे ३० मीटर व्यासाची, हिंदी महासागरावर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहाकडे रोखलेली असायची. इकडे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड किनाऱ्यावर सेडुना नावाच्या गावाजवळ तशीच ३० मीटरची थाळी १९६९ मध्ये तयार झाली, तीही हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे बघणारी. भातशेती आणि द्राक्षबागांमधलं एक गाव, गव्हाच्या वाळवंटी शिवारातलं दुसरं, आणि दोघांची नजर आकाशाच्या एकाच भागाकडे.

हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर एक फेरी पुरी व्हायला पृथ्वीच्या एका फिरकीइतकाच वेळ लागतो, म्हणून ते एका जागी खिळल्यासारखे दिसतात. आर्थर सी. क्लार्क यांनी संदेशवहनासाठी ही कल्पना १९४५ मध्येच मांडली होती. पण एवढ्या उंचीची किंमत वेळेत मोजावी लागते. आवाज वर गेला, खाली आला की तिरक्या अंतरांसकट ७५,००० किलोमीटरहून जास्त प्रवास झाला. रेडिओलहरींना त्यासाठी पाव सेकंद लागतो, म्हणजे सुमारे २६० मिलिसेकंद. उत्तर परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त.

त्यात भर प्रतिध्वनीची. घरच्या फोनला दोनच तारा असतात, एकाच जोडीतून जाणं-येणं. लांबच्या मार्गावर जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असते. या दोन व्यवस्था जिथे जुळतात त्या सांध्यातून थोडा आवाज मागे गळतो. मुंबईला फोन केला की पलीकडच्या सांध्यातून आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू यायचा. स्वतःचा आवाज उशिरा कानावर पडला की माणूस अडखळतो, हा मेंदूचाच दोष आहे. यावर उपाय शोधणाऱ्यांत एक नाव भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचं आहे: मनमोहन सोंधी. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये काम करताना १९६७ मध्ये त्यांनी एक युक्ती मांडली. येणाऱ्या आवाजावरून त्याचा प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज यंत्राने सतत बांधत राहायचं, आणि तो अंदाज परतीच्या आवाजातून वजा करायचा. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही त्याच तत्त्वाचं पुढचं रूप चालू आहे. ते नसतं तर स्पीकरवर ठेवून बोलणं अशक्य झालं असतं.

त्या काळात फोन लागणं हीच मोठी गोष्ट होती. ट्रंक कॉल नोंदवायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं. घरी फोन नसेल तर शेजारच्या काकूंचा ‘पीपी नंबर’. १९७६ च्या सुमाराला दोन्ही देशांत ऑपरेटरशिवाय परदेशी फोन लावायची सोय सुरू झाली, पण सुरुवातीला ती मोजक्याच ठिकाणांपुरती होती. साताऱ्यासारख्या गावापर्यंत ती पोहोचायला पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ यावे लागले. त्या तीन मिनिटांत सगळे ओरडून बोलायचे. आवाज क्षीण असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. आमची आजी म्हणायची, इतक्या लांब ऐकू जायला नको का!

आर्वीच्या शेजारीच, खोडदला, आज जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. आणि सेडुनाची थाळी? टेलिफोनचं काम केबलकडे गेल्यावर ती टास्मानिया विद्यापीठाकडे आली. आता तीही ताऱ्यांचे आवाज ऐकते.

मग उरलेला उशीर कुणाचा?

आता विरोधाभास बघा. उपग्रहाच्या काळात एका बाजूचा प्रवास पाव सेकंदाचा होता. केबलने तो ६० मिलिसेकंदांवर आणला. आणि आमच्या फोनवर मी मोजला तो ३००! म्हणजे समुद्र आखूड झाला आणि उशीर तेवढाच राहिला. तो गेला कुठे? तो घरात आला.

जुन्या टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. सेकंदाला ६४,००० बिट, आणि ते एका राखीव वाटेने सलग वाहत. इंटरनेटवरचा फोन तसा नाही. तो आवाजाचे लहान तुकडे करतो, बहुधा २० मिलिसेकंदांचे, आणि सेकंदाला पन्नास पाकिटं रवाना करतो. पाकीट भरेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हाच पहिले २० मिलिसेकंद गेले. मग ते दाबून लहान करायचं, आणि पलीकडे उघडायचं.

खरा वेळ जातो तो पुढे. प्रत्येक पाकीट रांगेत उभं राहतं. घरातल्या वायफायवर मुलगा खेळ खेळत असेल, कुणी फोटो चढवत असेल, तर आपलं पाकीट राउटरच्या दाराशी ताटकळतं. एखादं लवकर पोहोचतं, एखादं उशिरा. ती आली तशी वाजवली तर आवाज तुटक येईल. म्हणून पलीकडचा फोन मुद्दाम थोडा साठा करून ठेवतो. लग्नात पंगत बसायच्या आधी चार घमेली भात तयार ठेवतात, तसं. जाळं जितकं बेभरवशाचं, तितका साठा मोठा, आणि तितका उशीर जास्त. हा साठाच कधी शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. त्यावर कानात बिनतारी हेडफोन असतील तर त्यांचा वेळ वेगळा. काही प्रकारांत तोही शंभराच्या पलीकडे जाऊ शकतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेकांना जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे तो स्वीकारू नये. आम्ही बरोबर मधे लटकत होतो. तुटलेला फोन लगेच कळतो. असा फोन वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यातले गैरसमज माणसांच्या नावावर जमा होत राहतात.

साठ की आठ?

उशिराइतकाच गैरसमज आवाजाच्या कापाकापीतूनही होतो. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनांचा पट्टा जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. तो यात येतच नाही. तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटतो, कारण वरच्या पटीतल्या सुरांवरून मेंदू हरवलेला खालचा सूर स्वतः भरून काढतो.

वरच्या बाजूला मात्र अशी भरपाई होत नाही. ‘स’ या उच्चाराची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या पुढे असते. ती कापली गेली की ‘स’ पुसट होतो. "साठ हजार लागतील" हे "आठ हजार लागतील" असं ऐकू येऊ शकतं. वय वाढतं तसं माणसाचं ऐकूही आधी याच वरच्या कंपनांचं कमी होतं. म्हणजे पलीकडे सत्तरीतले कान आणि मधे कापलेला आवाज, असा दुहेरी फटका. इंटरनेटवरच्या फोनने इथे खरंच सुधारणा केली आहे. त्यातून बऱ्याचदा दुपटीहून रुंद पट्टा जातो. म्हणून तो आवाज "शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा" वाटतो. पण त्यातच फसगत आहे. शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटणारा आवाज शेजारच्या खोलीइतकाच ताजा असेल, असं आपण धरून चालतो.

आपल्या हातात काय आहे?

समुद्राचे ६० मिलिसेकंद कुणालाच कमी करता येणार नाहीत. प्रकाशाचा वेग वाढत नाही. घरातले मात्र कमी होतात. आम्ही दोन्हीकडे काही साधे बदल केले. बिनतारी हेडफोन काढून वायरचे लावले. फोन राउटरच्या खोलीत घेतला. महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा घरातली बाकीची मोठी कामं थांबवली, आणि जाळं दमलेलं दिसलं की चित्र बंद करून नुसतं बोललो. पुन्हा आकड्यांचा खेळ खेळलो तर १८ चे १५ सेकंद झाले. उशीर ३०० वरून १५० वर आला.

आवाजासाठीही थोडं. आकडे सांगताना एकदा सुटे करून सांगायचे, "साठ, सहावर शून्य". चित्र चालू असेल तर आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बसायचं. ऐकू कमी येणारी माणसं ओठांच्या हालचालींचाही आधार घेतात, त्यांना ते कळत नसलं तरी.

आणि सगळ्यात मोठा बदल यंत्रात करायचा नाही, सवयीत करायचा. महत्त्वाचा प्रश्न विचारला की मनातल्या मनात सावकाश तीन अंक मोजायचे. तोवर शांततेचा काहीही अर्थ लावायचा नाही. ती शांतता बाबांची नसते. ती पर्थची, सिंगापूरची, चेन्नईची आणि आपल्याच बैठकीतल्या राउटरची असते.

ताईचा फोन आला त्याच्या पुढच्या रविवारी मी बाबांना हा सगळा हिशोब वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी पाव सेकंदात होकार दिला, असं सिद्ध झालं म्हण की."

मी म्हटलं, "बाबा, परत विचारतो. सहा महिने इकडे याल का?"

एक. दोन. तीन म्हणायची वेळ आली नाही.

"येतो की. पण तुमच्या थंडीत नको."